रोगाच्या नावाआधीची नोंद : शिरूर–दौंड परिसरातील लक्षणाधारित रोगसर्वेक्षणाची वाटचाल

प्रस्तावना

गावात साथ आली आहे हे प्रथम कोणाच्या लक्षात येते? प्रयोगशाळेच्या अहवालावरून ते कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. त्याआधीच कोणीतरी पाहिलेले असते की एकाच आळीतील चार घरांत जुलाब लागले आहेत, शाळेतील मुले तापामुळे येईनाशी झाली आहेत, किंवा धान्याच्या कणगीजवळ उंदीर मरून पडत आहेत. या पाहण्याची नोंद करणे, ती नोंद ठरलेल्या वेळी वरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचविणे आणि रोगाचे नाव निश्चित होण्याची वाट न पाहता हालचाल करणे, या पद्धतीला सार्वजनिक आरोग्यशास्त्रात आज ‘लक्षणाधारित रोगसर्वेक्षण’ असे म्हटले जाते.

ही संज्ञा अलीकडची आहे. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २००१ नंतर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारींची दररोज मोजणी सुरू केली आणि त्या सुमारास ही संज्ञा जगभर रूढ झाली. तिच्याभोवती संगणक आणि सांख्यिकी यांचे वलय असल्यामुळे ती एक आयात केलेली, शहरी कल्पना वाटते. वस्तुतः महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला हा व्यवहार सव्वाशेहून अधिक वर्षे परिचित आहे. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा परिसर समोर ठेवून या व्यवहाराच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे. लक्षणे मोजण्याचे तंत्र प्रत्येक टप्प्यावर सुधारत गेले; परंतु लोकांनी लक्षणे दाखविली की लपविली, यावरच प्रत्येक वेळी त्याचे यश ठरले, हे या आढाव्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

वाटेवरचे दोन तालुके

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतात. घोड नदीकाठचे शिरूर, म्हणजेच घोडनदी, पुणे–अहमदनगर रस्त्यावर वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. भीमा नदीकाठचे दौंड पूर्वी भीमथडी तालुक्यात होते. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावाला १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा जोडला गेला आणि दौंड हे दक्षिणेकडील व उत्तरेकडील वाहतुकीला जोडणारे जंक्शन बनले. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड आणि पाटस या दौंड तालुक्यातील गावांवरून पुढे जाते.

साथरोगांच्या इतिहासात या भूगोलाला विशेष अर्थ आहे. येथे रोग आला तो बहुधा वाटेने आला. छावणीच्या वाटेने, रेल्वेच्या वाटेने, यात्रेच्या वाटेने. पुढे खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी, साखर कारखाने आणि रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती यांनी या वाटांत भर घातली. त्यामुळे येथील रोगसर्वेक्षणासमोर दुहेरी प्रश्न राहिला. स्थायिक लोकांची लक्षणे कोण टिपणार आणि ये-जा करणाऱ्यांची कोण, असा तो प्रश्न होय.

पाटलाच्या दप्तरातील ‘ताप’

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्म-मृत्यूंची नोंद ठेवण्याचे काम गावकामगारांकडे आले. पाटील आणि कुलकर्णी यांनी गावातील मृत्यू लिहून तालुक्याला कळवावयाचे, तेथून ते जिल्ह्याला आणि अखेर इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरकडे जावयाचे, अशी ही साखळी होती. या नोंदीतील मृत्यूंची कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि इतर, असे मोजकेच रकाने त्यात असत. वैद्यकीय निदान करण्याची पाटलाची पात्रता नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती. घरच्या माणसांनी सांगितलेले किंवा डोळ्यांनी दिसलेले लक्षणच तो नोंदवीत असे. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे दप्तर लक्षणसमूहांचेच दप्तर होते.

या पद्धतीचे बळ आणि तिची दुर्बलता या दोन्ही गोष्टी याच रकान्यांत दिसतात. पटकीची लक्षणे इतकी उघड असतात की ती ओळखण्यास डॉक्टरची गरज पडत नाही. गावातही मरीआईचा कोप म्हणून का होईना, पण पटकी ताबडतोब ओळखली जाई. देवीच्या फोडांबाबतही तेच होते. उलट ‘ताप’ हा रकाना सर्वसमावेशक होता. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह आणि बाळंतरोग यांपैकी काय झाले होते हे त्यातून कळणे शक्य नव्हते. तरीही एखाद्या महिन्यात एखाद्या तालुक्याच्या तापाचा आकडा नेहमीपेक्षा बराच चढला तर काहीतरी विपरीत घडत आहे एवढे निश्चितपणे समजे. अडचण एवढीच होती की ते मृत्यूनंतर समजे, आणि आकडा जिल्ह्याला पोहोचेपर्यंत साथ पुढच्या गावी गेलेली असे.

१८९७ : लक्षण म्हणजे संशय

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ उघडकीस आली आणि अल्पावधीतच ती पुण्यास पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. या कायद्याने रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि तपासणी अधिकाऱ्यास ज्यांच्याविषयी संशय येईल अशांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. येथे ‘संशय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अंगात ताप आणि काखेत वा जांघेत गाठ एवढे दिसले की माणूस संशयित ठरे. जंतूंची परीक्षा हा पुढचा भाग होता. लक्षणसमूहावरून तात्काळ कृती करण्याला कायद्याचे पाठबळ देणारा हा या देशातील आरंभीचा दस्तऐवज म्हणता येईल. ज्या काळी साथ रेल्वेमार्गांनी पसरत होती त्या काळी तीन दिशांचे मार्ग एकत्र येणाऱ्या दौंडसारख्या ठिकाणाचे स्थान किती नाजूक होते, याची यावरून कल्पना येते.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्च १८९७ पासून घरोघर झडती सुरू केली. या कामी गोऱ्या सैनिकांची पथके नेमली गेली. माजघरात आणि देवघरात शिरणे, स्त्रियांची तपासणी करणे, संशयितास रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेणे, सामान जाळणे हे प्रकार लोकांच्या मनात कायमचे रुतून बसले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ३ जुलै रोजी त्यांचा मृत्यू झाला. चापेकर बंधूंचा इतिहास सर्वविदित असल्याने येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

रोगसर्वेक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या झडतीचा परिणाम. लक्षण दिसले की माणूस घरातून उचलला जातो हे कळल्यावर लोक लक्षण दाखविण्याचे टाळू लागले. आजारी माणसे माळ्यावर, कोठीत किंवा नातेवाइकांच्या गावी हलविली जाऊ लागली. मृत्यू लपविले गेले. जे मोजावयाचे तेच मोजणाऱ्यापासून दूर गेले, आणि दूर जाताना रोगही सोबत घेऊन गेले. तपासणी जितकी कडक, तितकी माहिती अपुरी, असा विपरीत अनुभव आला. पुढील काही वर्षांत सरकारलाही हे उमगले. सक्तीच्या झडतीवरील भर कमी करण्यात आला आणि स्वखुशीने गाव सोडणे, हाफकिन यांची लस टोचून घेणे यांस उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले गेले.

याच काळात दख्खनच्या खेड्यांनी स्वतःची एक पद्धत अंगवळणी पाडली. घरात उंदीर पडू लागले की माणसांना गाठी येण्याची वाट न पाहता गाव मोकळे करावयाचे आणि माळावर झोपड्या बांधून राहावयाचे. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली; उंदीर पडणे ही धोक्याची सूचना आहे हे गावकऱ्यांनी अनुभवाने आधीच जाणले होते. माणसाच्या लक्षणाच्याही अलीकडे जाऊन संकेत पकडण्याचे हे उदाहरण आहे. त्यामागे कोणाचीही सक्ती नव्हती. संकेत ज्याने पाहिला त्याच्याच हिताचा तो होता. म्हणून तो लपविला गेला नाही.

मानमोडी : रकान्यात हरवलेली साथ

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ हे नाव मिळाले. जून १९१८ मध्ये मुंबईत तिची पहिली, तुलनेने सौम्य लाट आली. सप्टेंबरपासून आलेल्या दुसऱ्या लाटेने हाहाकार केला. मुंबई इलाख्यात ऑक्टोबर महिना सर्वाधिक प्राणघातक ठरला. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झाले होते आणि पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील लोक आधीच अर्धपोटी होते. संपूर्ण हिंदुस्थानात या साथीने घेतलेल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पलीकडेही जातात.

इतक्या मोठ्या संहाराची नोंद कोठे झाली? बव्हंशी ती ‘ताप’ या जुन्याच रकान्यात झाली. इन्फ्लुएन्झासाठी वेगळा रकाना गावकामगारांच्या दप्तरात नव्हता. परिणामी त्या साथीचे मोजमाप करताना अभ्यासकांना नेहमीच्या वर्षांतील तापाचे मृत्यू वजा करून उरलेला फरक काढावा लागला. या पद्धतीतून साथीची व्याप्ती नंतर समजली, पण तिचा इशारा वेळेवर मिळाला नाही. त्यातच नोंद करणारे पाटील-कुलकर्णी स्वतः आजारी पडल्याने दप्तरे अपुरी राहिली. साथ जेव्हा सर्वांत तीव्र असते तेव्हाच नोंद सर्वांत क्षीण होते, हा धडा मानमोडीने दिला. पुढे एका शतकानंतर कोविडच्या काळात मृत्यूंच्या मोजणीवरून जे वाद झाले त्यांचे मूळही याच प्रश्नात आहे.

दारी येणारा कर्मचारी

स्वातंत्र्योत्तर काळात रोगसर्वेक्षणात मूलभूत बदल झाला. माहिती चालत येण्याची वाट न पाहता ती घेण्यासाठी कर्मचारी घरोघर जाऊ लागला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख लोक दगावतात असा अंदाज होता. १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे ध्येय ठरले आणि त्यासोबत ताप सर्वेक्षणाची पद्धत आली. कर्मचाऱ्याने दर पंधरवड्यास प्रत्येक घरी जावयाचे, गेल्या पंधरा दिवसांत कोणाला ताप आला होता काय असे विचारावयाचे, आला असल्यास बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावयाचा आणि अहवालाची वाट न पाहता क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यावयाच्या. भेटीची तारीख घराच्या भिंतीवर लिहिली जाई. निदानाआधी उपचार आणि लक्षणावरून शोध हे या पद्धतीचे दोन्ही पाय होते.

१९६१ मध्ये देशातील हिवतापाच्या रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या घरात आली. परंतु यशानंतर सैलपणा आला. फवारणीत खंड पडला, डासांनी कीटकनाशकांना दाद देणे सोडले आणि घरभेटी कागदोपत्री होऊ लागल्या. १९७६ मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. कालव्याखालील बागायत वाढत असलेल्या दौंडसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने हा इशारा गंभीर होता. भिंतीवर तारीख लिहिलेली असली म्हणजे प्रश्न विचारला गेलाच असे नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

देवी निर्मूलनाच्या अखेरच्या पर्वात, १९७३ ते १९७५ या काळात, याच घरभेटीला नवी धार आली. आरोग्य कर्मचारी देवीच्या रुग्णाचे छायाचित्र असलेले कार्ड घेऊन घरोघर, शाळांत आणि आठवड्याच्या बाजारांत फिरत आणि असा रुग्ण कोठे पाहिला काय, अशी चौकशी करीत. खबर देणाऱ्यास बक्षीस मिळे; अखेरीस त्याची रक्कम एक हजार रुपयांपर्यंत गेली. मे १९७५ मध्ये भारतातील देवीच्या शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. या मोहिमेतही काही ठिकाणी सक्ती झाली. परंतु सर्वेक्षणाचा गाभा चौकशीचा होता. १८९७ मध्ये लक्षण कळविणाऱ्याच्या घरावर पथक येत होते, तर १९७५ मध्ये त्याला बक्षीस मिळत होते. या एका फरकात पाऊणशे वर्षांचे शहाणपण साठलेले आहे.

वढू बुद्रुकचा प्रयोग

याच सुमारास शिरूर तालुक्यात एक वेगळा प्रयोग आकारास येत होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातीलच स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत प्राथमिक आरोग्यसेवा पोहोचवावयाची, हे त्याचे सूत्र होते. सरकारनेही २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची राष्ट्रीय योजना सुरू केली. डॉ. कोयाजी यांना १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या प्रकल्पाच्या पायावर २००२ मध्ये शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांसाठी लोकसंख्या व आरोग्यविषयक सर्वेक्षण व्यवस्था सुरू झाली. ठरावीक कालावधीने प्रत्येक घरास भेट देऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद घेतली जाऊ लागली. घरी झालेल्या मृत्यूबाबत नातेवाइकांकडून अखेरच्या आजारातील लक्षणे विचारून कारणाचा अंदाज बांधण्याची पद्धतही अवलंबिली गेली. पाटलाच्या ‘ताप’ या रकान्याचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची जागतिक साथ आली तेव्हा राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या सहकार्याने या परिसरातील रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रुग्णांमध्ये इन्फ्लुएन्झाचा शोध घेण्यात आला. परिसराची लोकसंख्या नेमकी ठाऊक असल्यामुळे दर हजारी प्रमाण काढणे शक्य झाले. किती रुग्ण आढळले याला ‘कितीपैकी’ याची जोड मिळाल्याखेरीज आकड्याला अर्थ येत नाही, हे वढूने दाखवून दिले.

बीड–सुरत ते एकात्मिक सर्वेक्षण

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ताप आणि गाठींचे रुग्ण आढळले. त्याआधी गावात उंदीर मरत असल्याचे लोकांच्या पाहण्यात आले होते. सप्टेंबरमध्ये सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. लाखो लोकांनी शहर सोडले, देशाच्या व्यापाराची व पर्यटनाची मोठी हानी झाली. खेड्यातील संकेत वेळेवर वरपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा देशाजवळ नाही, ही उणीव या प्रसंगाने चव्हाट्यावर आली. १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपणा आला की कारण काहीही असो, तो कळविलाच पाहिजे, हा त्याचा दंडक होता. पोलिओ शोधण्यासाठी पोलिओ नसलेलेही रुग्ण मोजावे लागतात, हे तत्त्व त्यातून रुजले. २७ मार्च २०१४ रोजी भारतास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पास प्रारंभ झाला आणि पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला. त्यात तीन प्रकारचे नमुने ठरविण्यात आले. उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने वा आरोग्यसेवकाने भरावयाचा लक्षणांचा नमुना, वैद्यकीय अधिकाऱ्याने भरावयाचा संभाव्य निदानाचा नमुना आणि प्रयोगशाळेचा नमुना असे ते होत. पहिल्या नमुन्यात नुसता ताप, पुरळासह ताप, रक्तस्रावासह ताप, ग्लानीसह ताप, तीन आठवड्यांपेक्षा कमी वा अधिक काळचा खोकला, पातळ जुलाब, रक्तमिश्रित जुलाब, कावीळ, लुळेपणा आणि मृत्यूस कारण ठरणारी अनोळखी लक्षणे असे रकाने होते. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून हा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्ह्याकडे जाई. मैदानी भागात सुमारे पाच हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र हा निकष लक्षात घेता, शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांचे आरोग्यचित्र अशा अनेक आरोग्यसेविकांच्या साप्ताहिक नोंदींनी बनत असे. ५ एप्रिल २०२१ पासून देशभर लागू झालेल्या एकात्मिक आरोग्य माहिती मंचामुळे ही कागदी नोंद भ्रमणध्वनीवर आली आणि आठवड्याऐवजी रोजच्या रोज माहिती पाठविणे शक्य झाले.

या पद्धतीचे सामर्थ्य शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे दिसले. जुलै २०२१ च्या आरंभापासून तेथे तापाचे रुग्ण वाढत होते. सर्व लक्ष कोविडकडे लागलेले असताना स्थानिक आरोग्य यंत्रणेने ही वाढ वेगळी मानली आणि रक्ताचे नमुने राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे पाठविले. त्यांत चिकुनगुन्या आढळल्यावर संस्थेच्या पथकाने गावात येऊन आणखी नमुने घेतले आणि महिनाअखेर एका रुग्णात झिका विषाणू सापडला. महाराष्ट्रातील झिकाचा तो पहिला रुग्ण होता. झिका शोधण्यासाठी कोणी निघाले नव्हते. ‘गावात ताप जास्त आहे’ एवढीच नोंद प्रामाणिकपणे झाली आणि पुढचे सर्व त्यातून घडले.

जे मोजले जात नाहीत

तंत्राच्या या प्रगतीनंतरही काही जुने प्रश्न कायम आहेत. पहिला प्रश्न लक्षणांच्या मर्यादेचा आहे. कोविडने दाखविले की लक्षणे नसलेल्या वा अद्याप न दिसलेल्या माणसांकडूनही रोग पसरू शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघर ताप आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण तपासण्यात आले. तिने अनेकांना वेळेवर उपचारापर्यंत नेले. परंतु लक्षणरहित संसर्ग तिच्या कक्षेबाहेर राहणे अपरिहार्य होते.

दुसरा प्रश्न खासगी व्यवसायाचा आहे. २०१४ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील सुमारे ७२ टक्के बाह्यरुग्ण उपचार खासगी क्षेत्रात घेतले जात होते. ताप आलेला माणूस प्रथम बाजारपेठेतील दवाखान्यात जातो, आणि तेथील नोंद बहुधा त्या दवाखान्यातच राहते.

तिसरा प्रश्न या तालुक्यांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे, आणि तो ये-जा करणाऱ्यांचा आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाजवळ कोप्या टाकून राहतात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे परप्रांतीय कामगार भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहतात. आरोग्यसेविकेच्या कुटुंबनोंदीत ही माणसे सहसा नसतात. त्यांच्या मूळ गावच्या यादीत नाव असते, पण माणूस तेथे नसतो. लुळेपणाच्या सर्वेक्षणात व पोलिओ लसीकरणात अशा वस्त्यांची स्वतंत्र यादी करून ही उणीव काही अंशी भरून काढण्यात आली. एरवीच्या साप्ताहिक नोंदीत मात्र कोपीतील जुलाब हा कोणत्याच गावाचा जुलाब ठरत नाही. मजुरी बुडण्याच्या भीतीने आजार सांगितला जात नाही, हे वेगळेच. १९९४ च्या साथीचा आरंभ ज्या जिल्ह्यात झाला त्याच जिल्ह्यातून ही माणसे येतात, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

चौथा प्रश्न नोंद करणाऱ्याचा आहे. गावात रुग्ण अधिक दाखविले की चौकशी मागे लागते आणि ‘निरंक’ लिहिले की सर्व सुरळीत चालते, अशी समजूत जेथे रूढ होते तेथे कोणतेही तंत्र निरुपयोगी ठरते. १८९७ मध्ये घरमालकाने रुग्ण लपविला. आज तीच भीती कर्मचाऱ्याच्या मनात उतरली तर रुग्ण नोंदवहीत लपतो. लपण्याची जागा बदलते. लपण्याचे कारण बदलत नाही.

समारोप

पाटलाच्या दप्तरापासून भ्रमणध्वनीवरील नोंदीपर्यंतच्या या वाटचालीत लक्षणे तीच राहिली आहेत. ताप, जुलाब, पुरळ, कावीळ आणि लुळेपणा यांची भाषा गावाला आधीपासून अवगत होती. बदलली ती लक्षण सांगण्याची किंमत. प्लेगच्या झडतीत ती किंमत घरदार सोडण्याची होती, म्हणून लोकांनी रोग लपविला. उंदीर पडल्यावर माळावर जाण्यात, देवीची खबर देण्यात, वढूच्या घरभेटीत आणि बेलसरच्या तापात सांगणाऱ्याचा काही लाभ होता, किमान तोटा नव्हता. म्हणून माहिती आली.

यावरून धोरणाच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. लक्षण कळविणाऱ्या कुटुंबाला त्याच दिवशी काहीतरी उपयुक्त मदत मिळाली पाहिजे. रुग्णसंख्या अधिक दाखविणाऱ्या उपकेंद्राकडे दोषी म्हणून न पाहता जागरूक म्हणून पाहिले पाहिजे. आणि हंगामी वस्त्यांची नोंद मुक्कामाच्या गावात, त्या गावच्या लोकसंख्येत धरून झाली पाहिजे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. उसाच्या फडात कोपीच्या दाराशी जाऊन ‘कोणाला ताप आहे का?’ असे विचारणारी आणि खरे उत्तर मिळण्याइतका विश्वास संपादन केलेली आरोग्यसेविका वा आशा कार्यकर्ती लागते. तिची नोंद विश्वसनीय असेल तरच तिच्यावर उभा राहणारा जिल्ह्याचा व राज्याचा आकडा विश्वसनीय असेल.